आधी पाण्याची वाट, मग जिप्समची गाडी

एका तरुणानं पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मोहोळ तालुक्यात, सीनेपासून फार लांब नाही अशा गावात सहा एकर रान. त्यातलं चार एकर काळं, कालव्याच्या पाण्यावरचं. दोन एकर वरच्या अंगाला मुरमाड. काळ्या रानातला सुरू ऊस आठ वर्षांत एकरी ५५ टनांवरून ३१ वर आला. माती तपासली तर सामू (पीएच) ८.९. दुकानदार म्हणतो जिप्सम आणि ह्युमिक टाका. वडील म्हणतात डोस वाढवा. चुलते म्हणतात रान गेलं, सोडून द्या. प्रश्न विचारणारा तरुण पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी आलाय. त्याला बारा जणांचा गट करायचा आहे. तो विचारतो, आधी काय करू आणि या माणसांना बरोबर कसं घेऊ?

सामू ८.९ एवढ्यावरून मी तुम्हाला एक पोतंही सांगणार नाही. तो नमुना किती खोलीचा होता, सोडियमची टक्केवारी किती आली आणि जोराचा पाऊस झाल्यावर तुमच्या रानातलं पाणी कुठून बाहेर जातं, या तीनही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तिसरी तर अहवालात छापूनच येत नाही, आणि सगळं अडलंय तिथंच.

अहवालापासून सुरू करतो. २०१५ पासून जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात १२ बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. विनिमयक्षम सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी त्यात नाही, आणि रान चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेलं, आहे की नाही हे नेमकं त्याच आकड्यावर ठरतं. शिवाय त्या योजनेत बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचा असतो. म्हणजे पत्रिकेवर नाव वडिलांचं आणि माती शेजाऱ्याची, असं होऊ शकतं. पत्रिका फेकून देऊ नका, तालुक्याचा अंदाज म्हणून ठेवा. चार एकरांचा निर्णय मात्र तिच्यावर घेऊ नका.

नवा नमुना ऊस तुटल्यावर, खत पडायच्या आधी घ्या. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा आणि पाण्याचं दार सोडून द्या. रानात तीन रंग दिसत असतील तर तीन नमुने करा. चांगली आणि वाईट माती एकत्र मिसळली की अहवाल कुठल्याच जागेचा राहत नाही. माझा आग्रह एवढाच की ० ते २० सेंटिमीटरचा नमुना वेगळा आणि २० ते ४० चा वेगळा ठेवा. आपल्याकडच्या काळ्या मातीत सोडियम वर कमी आणि खाली जास्त असा दडून बसतो. वरचा अहवाल बरा येतो, माणूस खुश होतो आणि उसाची मुळी वीतभर खाली जाऊन आडवी वळते. प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासणीशिवाय विनिमयक्षम सोडियम आणि मुक्त चुना मागून घ्या. क्षारता ४ च्या वर, सोडियम १५ टक्क्यांच्या आत आणि सामू ८.५ च्या खाली असेल तर रान क्षारयुक्त. सोडियम १५ च्या वर, सामू ८.५ च्या वर आणि क्षारता ४ च्या आत असेल तर चोपण. दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त चोपण. क्षारयुक्त रानाला जिप्सम लागतच नाही, नुसतं चांगलं पाणी आणि निचरा पुरतो. ही साधी ओळख न करता गाड्याच्या गाड्या टाकलेल्या मी पाहिल्यात.

अहवाल येईपर्यंत एक घरगुती परीक्षा करा. रानातलं सुकं ढेकूळ, बोराएवढं, काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात हळूच सोडा. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खोटं उत्तर देतात. हलवू नका. काही तासांनी ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर मातीचे कण एकमेकांना सोडतायत, म्हणजे सोडियमचं काम चालू आहे. ढेकूळ फुटलं पण पाणी नितळ राहिलं तर तेवढी भीती नाही. ही परीक्षा आईसमोर करा, आणि मग तिलाच विचारा की खुरपं कुठल्या सरीत शिरत नाही. तुमच्या पत्रात वडील आहेत, चुलते आहेत, दुकानदारसुद्धा आहे, आई नाही. रानात सगळ्यात जास्त वेळ बसून काम करणारं माणूस तेच असतं, आणि कुठल्या सरीपासून कुठल्या सरीपर्यंत माती दगड झाली हे तिला कुठल्याही लॅबपेक्षा आधी कळलेलं असतं. मी तीस वर्षं माती तपासण्याचं आणि सल्ल्याचं काम करतोय. नमुन्याच्या जागा बाईमाणसाला विचारून ठरवायला लागलो तेव्हापासून माझे अहवाल सुधारले.

आता जिप्सम. त्याचं काम समजून घेतलं की बाकी आपोआप समजतं. चिकणमातीच्या कणाला सोडियम चिकटून बसलेला असतो. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला ढकलून जागा घेतं आणि सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्यात उतरतो. मग ते पाणी रानाबाहेर जायला हवं. नाही गेलं तर उन्हाळ्यात तेच पाणी केशाकर्षणानं वर येतं, उडून जातं आणि सोडियम होता तिथंच राहतो.

हे पुस्तकात वाचून नाही, स्वतःच्या खिशातून शिकलो. दक्षिण सोलापूर तालुक्यात माझं अडीच एकर आहे. कृषीची पदवी होती, लोकांना अहवाल समजावून सांगत होतो, आणि २००७ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या रानात आठ टन जिप्सम टाकलं. शेणखतात मिसळून, वरच्या २० सेंटिमीटरमध्ये कुळवून, अगदी शास्त्रशुद्ध. पहिल्या वर्षी उगवण अशी झाली की शेजारी बघायला आले, आणि मी बांधावर उभा राहून त्यांना दीड तास व्याख्यान दिलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खालच्या अर्ध्या एकरात परत क्षाराचं पांढरं फुटलं. तिसऱ्या वर्षी सगळं पूर्वीसारखं. चर काढलेला नव्हता. चर काढायचा तर खालच्या माणसाच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावा लागत होता, आणि त्याच्याशी माझं बांधावरून बोलणं बंद होतं. भांडण मिटवण्यापेक्षा जिप्सम विकत घेणं मला सोपं वाटलं. पैसे गेल्याचं दुःख कमी होतं. बघायला आलेल्या त्या लोकांपैकी दोघांनी माझं पाहून जिप्सम टाकलं होतं, ते जास्त लागलं.

म्हणून तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. खालच्या अंगाला चर, वरच्या अंगाला कालव्याच्या चारीतून झिरपणारं पाणी अडवणारा दुसरा चर, आणि ते पाणी ओढ्यात सोडायची वाट. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. पुढं कालव्यानं पाणी आलं, पण रानातून पाणी बाहेर काढायची व्यवस्था बहुतेक ठिकाणी आली नाही. पूर्वी गावात नाल्या होत्या, त्या बांध सरकवता सरकवता बुजल्या. तुमच्या गावचा जुना नकाशा काढा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन पावसात एकदा पाण्याच्या मागं चालत जा. नाली कुणाच्या उसात हरवली ते अर्ध्या तासात दिसेल.

चर किमान तीन-साडेतीन फूट खोल हवा. दीड फुटाची सरी काढून चर म्हणू नका. तो काढायचा एप्रिल-मेमध्ये, खालच्या माणसाचं रान मोकळं असताना. उभ्या पिकात परवानगी मागायला गेलात तर तो नाहीच म्हणणार, आणि त्याचं बरोबर असेल. नैसर्गिक प्रवाह अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, तीही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे माहीत असू द्या. पण गटाचं पहिलं काम तहसीलमध्ये अर्ज हे असेल, तर दुसरं काम येणार नाही.

त्या खालच्या माणसाकडे काय घेऊन जायचं? माझ्या अनुभवात एक गोष्ट चालते: त्याच्याही रानाचा नमुना तुमच्या पैशानं तपासून द्या. तुमचं पाणी त्याच्या रानात मुरतंय, त्यामुळं त्याचा खालच्या थराचा आकडा बहुधा तुमच्यापेक्षा वाईट निघेल. तो कागद हातात पडला की चर तुमची गरज राहत नाही, त्याचीही होते. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याचं जे मोठं काम दत्त कारखान्याच्या पुढाकारानं झालं, तेही शेकडो शेतकरी एकत्र आल्यावरच झालं. एकट्याच्या रानात पाइप टाकून त्याचं तोंड सोडणार कुठं?

आता वडिलांकडे वळू. डोस वाढवा असं ते म्हणतात, त्यांना अडाणी समजू नका. आठ-दहा वर्षांपूर्वी डोस वाढवला की टनेज वाढायचं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी खताचा हिशोब मांडा. तुम्ही एकरी सात पोती युरिया आणि चार पोती डीएपी लिहिलंय. ४५ किलोचं पोतं आणि ४६ टक्के नत्र धरलं तर युरियातून १४५ किलो नत्र जातं. डीएपीतून आणखी ३६. मिळून १८१. सुरू उसाला राहुरी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ आहे, म्हणजे एकरी साधारण १०० किलो नत्र, ४६ स्फुरद, ४६ पालाश. तुम्ही नत्र पावणेदोन पट देताय, स्फुरद दुप्पट, आणि पोटॅशचं पोतं यादीत दिसतच नाही. चुनखडीच्या मातीत वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, स्फुरद कॅल्शियमला बांधला जातो. जे उडतं त्याचे पैसे तुम्हीच भरता.

तरी वडील ऐकणार नाहीत, आणि ऐकूही नये एकदम. म्हणून चार सऱ्या मागा. चारच. त्यांच्या पद्धतीनं सगळं रान करू द्या, रानाच्या मधोमध चार सऱ्या शिफारशीच्या डोसनं, खत मातीआड करून, खुणेच्या खुंट्या ठोकून. कडेच्या सऱ्या घेऊ नका, कडेचा ऊस नेहमीच फुगतो आणि मग कोण खरं यावरून वाद होतो. तोडणीला त्या चार सऱ्यांची मोळी वेगळी बांधून वजन करा. तुमचं खोटं ठरलं तरी नुकसान चार सऱ्यांचं. याच्या जोडीला एक साधी वही ठेवा. दर वेळी काही विकत आणण्याआधी तारीख, खर्च आणि एक ओळ: ‘हे टाकल्यावर काय दिसेल असं मला वाटतं.’ ओळ आधी लिहायची, नंतर नाही. ह्युमिकच्या बाटलीपुढं ही ओळ लिहायला बसलात की हात बराच वेळ थांबतो. दुकानदाराचा मला राग नाही, अडचणीच्या दिवशी उधार देणारा तोच असतो. पण उधारीवर मिळालेला सल्ला कधीच ‘काही आणू नका’ असा नसतो.

या वर्षी प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. सगळ्यात वाईट एक एकरातला खोडवा, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेला ऊस, मोडा. चारही एकर एकदम मोडू नका. सोसायटीचं कर्ज उसावर आहे, कारखान्याचं बिल १४ दिवसांत मिळायचा नियम असला तरी तुम्ही लिहिल्याप्रमाणं ते हातात यायला महिने लागतात, आणि घर तेवढे महिने थांबत नाही. त्या एकरात उन्हाळ्यात चर, पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी धैंचा, एकरी २० ते २५ किलो बी. चोपण रानात ताग रुसतो, धैंचा तग धरतो. ४५-५० दिवसांनी फुलोऱ्याच्या सुमारास गाडा. जिप्सम द्यायचंच झालं तर अहवालातल्या गरजेनुसार, आणि चर वाहता आहे हे एका पावसात पाहिल्यावर. मुक्त चुना भरपूर निघाला तर जिप्समऐवजी गंधकाचा विचार करा: मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल तुमच्याच चुन्यापासून जिप्सम तयार करतं. हिशोबानं एक किलो शुद्ध गंधक साधारण ५.४ किलो जिप्समच्या बरोबरीचं. पण त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे लागतात, शेणखताची संगत लागते. आज टाकलं, उद्या दिसलं असं होत नाही.

उरलेल्या तीन एकरांत पाचट पेटवू नका, एवढं एकच सांगतो. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. सरीआड सरी दाबा, टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाका. गावात आग शेजारून येते, म्हणून हेही एकट्याच्या हातात नाही. नवी लागण कराल तेव्हा त्या रानासाठी फुले २६५ बघा, पाडेगावच्या केंद्राची ही जात खारवट-चोपण रानात इतरांपेक्षा जास्त तग धरते. मात्र चांगली जात मिळाली म्हणून चर पुढच्या वर्षावर टाकू नका. तसं करणारे माझ्या माहितीत पुष्कळ आहेत.

वरच्या दोन एकरांत तुम्हाला भगवा डाळिंब लावायचा मोह झालाय. मुरमाड रान डाळिंबाला चालतं, हे खरं. पण तेल्या आणि मर या रोगांच्या मागं रोज रानात लक्ष द्यावं लागतं, आणि तुमचं लक्ष पुढची दोन वर्षं खालच्या रानात असणार. त्याऐवजी तिथं पहारीनं चार ठिकाणी खोली मोजा. फूटभरच माती असेल तर रब्बीला ज्वारी घ्या, फुले अनुराधा किंवा फुले माऊली. दोन फुटांपर्यंत असेल तर फुले सुचित्रा किंवा तुमच्याच मोहोळच्या केंद्रावरून निघालेली मालदांडी ३५-१. सोलापुरात कोरडवाहू संशोधन १९३३ पासून चालू आहे आणि त्या सगळ्याचं एक वाक्यात सार काढायचं तर ज्वारीची जात आभाळ पाहून नाही, खोली पाहून निवडायची. बंदिस्त वाफे पावसाआधी, पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत. कडबा विकून येणाऱ्या पैशावर खालच्या एकराचं पडीक वर्ष निघू शकतं, हे चुलत्यांना सांगा. ‘सोडून द्या’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खर्चाला घाबरलेला असतो.

राहिला गट. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, आणि पुढारी तर त्याहून जास्त. त्यामुळं तुम्ही बैठक बोलावलीत की लोक पहिला विचार हाच करतील की पोरगं कुठल्या पक्षाचं. कंपनी नोंदवायची घाई करू नका. उत्पादक कंपनीला दहा सभासद आणि पाच संचालक लागतात, ते तुमच्याकडे आहेत. पण दरवर्षीचं ऑडिट आणि कागद कोण सांभाळणार? बारा जणांत पाच संचालक झाले की उरलेले सात जण दुसऱ्या बैठकीला येत नाहीत.

एका ओढ्याला पाणी सोडणारे जे कोण असतील तेच तुमचे लोक धरा. ते सात निघाले तर सात. त्यात तुमच्याशी न पटणारा एखादा नक्की असेल, त्याला वगळून चर होत नाही. पहिली बैठक देवळात किंवा कट्ट्यावर नको, वाईट रानात घ्या. आणि पहिल्यांदा तुमचे आकडे सांगा: ५५ वरून ३१. आपल्याकडं माणूस साधलेलं पीक सांगतो आणि बुडालेलं पीक झाकतो. तुम्ही झाकलं नाही की दुसराही बोलतो. माझ्या आठ टनांची गोष्ट मी ज्या गावात सांगतो तिथं पाच-सहा जण तरी उठून आपापले टन सांगतात. पहिल्या वर्षी गटाचं काम एकच ठेवा: पोकलेन एकदा आणायचा, ज्याच्या रानात जितके फूट चर तितके त्याचे पैसे, मोजायला टेप आणि लिहायला वही, आणि वही तुमच्याकडे नको. त्या खालच्या माणसाकडे द्या.

बोअरचं पाणी तपासायला दिलं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. उन्हाळ्यात कालवा बंद असताना तुम्ही त्यावरच ऊस जगवताय. अहवालात ‘अवशिष्ट सोडियम कार्बोनेट’ असा आकडा असेल, त्या पाण्यानं रान चोपण व्हायचा धोका किती ते तो सांगतो. १.२५ च्या आत असेल तर चिंता नाही. अडीचच्या वर असेल तर मला चर काढण्याआधी कळवा, कारण मग मोडायचा एकर कुठला हे बदलेल.